शून्यावर उजाडणारी पेटी

सोमवार, १० मार्च २०१४. सकाळी सव्वाअकरा वाजता गजेंद्रने माझ्यातलं लंडन काढलं आणि तिथे भारत टाकला. काम तीन-चार बटणांचं होतं. पंपघराच्या दारात उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. तिरोडा तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर एका उपसा सिंचन संस्थेचं पंपघर आहे. त्याच्या आतल्या भिंतीवर मी टांगलेली असते. अंग पत्र्याचं, पोटात एका जुन्या कॉम्प्युटरचा बोर्ड, समोर हिरवे आकडे दाखवणारी काच आणि काचेखाली तीन दिवे. गावात मला कोणी कॉम्प्युटर म्हणत नसे. ‘लंडनवाली’ म्हणत. ते नाव कसं पडलं, आणि ते पुसलं गेल्यावर माझ्या तोंडून एका भल्या माणसाविरुद्ध काय निघालं, ते तुम्हांला सांगायचं आहे. मला मान असती तर ती हे सांगताना खाली गेली असती.

माझा जन्म गोंदियातल्या एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात झाला, १९९९ च्या डिसेंबरात. मला बनवणाऱ्याचं नाव हेमेंद्र. संस्थेची गरज साधी होती. नदीतून पंपाने पाणी वर हौदात येई आणि हौदातून तीन वॉलमधून, म्हणजे चाकाने उघडणाऱ्या झडपांमधून, ते तीन पट्ट्यांकडे जाई: वरचा पट्टा, मधला पट्टा आणि टेलचा, म्हणजे सगळ्यात शेवटचा. एका दिवशी एकाच पट्ट्याची पाळी. उन्हाळी धानाला हे पाणी चुकलं तर लोंबीत दाणा भरत नाही, नुसतं फोल हाती येतं. त्यामुळे पाळीवरून दर हंगामात भांडणं होत. आज कोणाची पाळी आहे तो दिवा मी लावायचा, आणि कोणता वॉल किती वेळ उघडा राहिला ते वायरीवरून ओळखून लक्षात ठेवायचं, एवढंच माझं काम. वॉलचं चाक फिरवायला माणूस होता. पाणी वाटणाऱ्याला आमच्याकडे पानकर म्हणतात. आमचा पानकर बकाराम. त्याचा बाप गावच्या तलावाचा पानकर होता, आणि त्याच्या बापाचा बापही.

हेमेंद्रची गाडी एका जागी अडली. आमच्याकडे पाण्याचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, उजाडल्यावर बदलतो. सोमवारची रात्र सोमवारवाल्याची. तलावाच्या काळापासूनची ही रीत आहे, कारण अंधारात झालेली वाटणी कोणी मानत नाही. माझ्या बोर्डाला मात्र बाराच्या ठोक्याला तारीख बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. हेमेंद्र बकारामला विचारायला आला. ते बोलणं मला अजून आठवतं.

“पानी किती वाजता बदलवता जी?”

“उजाडलं का.”

“अन् उजाडते किती वाजता?”

“कोंबडा उठते तवा.”

“कोंबडा किती वाजता उठते?”

“त्याच्यापाशी घड्याळ नाही ना, बाबू.”

शेवटी दोघांनी साडेपाच ही वेळ धरली. हेमेंद्र माझ्यासमोर बसून माझ्या पोटातली देशांची यादी वरखाली करत होता. करता करता त्याचं बोट थांबलं आणि तो एकटाच हसला. लंडनमध्ये रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेपाच होतात. त्याने माझा देश लंडन केला. झालं. माझी मध्यरात्र गावाच्या पहाटेवर येऊन बसली. काचेवर चार शून्यं उमटली की दिवा बदलायचा, बकाराम चाक फिरवायचा, आणि बाहेर पूर्वेला रंग आलेला असायचा.

तेव्हा वर्तमानपत्रांत रोज येत होतं की दोन हजार साल लागताच जगातले कॉम्प्युटर बंद पडतील. गावाने ठरवलं की आपली पेटी मरताना तरी पाहू. एक जानेवारीला पहाटे चादरी पांघरून दहा-बारा माणसं पंपघरात जमली. बाकीच्या देशात नवं साल कधीच लागलं होतं, पण माझ्या काचेवर अजून एकतीस डिसेंबर होता. साडेपाचला चार शून्यं आली, साल दोन हजार झालं, दिवा बदलला आणि पंप चालत राहिला. “घ्या,” हेमेंद्र म्हणाला, “आपलं नवं साल लंडनसंग.” त्या दिवसापासून मी लंडनवाली झाले. धानाच्या निंदणाला जाणाऱ्या बाया खिडकीतून डोकावून विचारत, “काय व बाई, लंडनले च्या झाला काय?”

पहिल्याच वर्षी मी एकदा चुकलेही. मार्चच्या शेवटी लंडनचे लोक घड्याळं तासभर पुढे करतात. हे माझ्या बोर्डाला ठाऊक होतं, हेमेंद्रला नव्हतं. एका सकाळी माझी शून्यं साडेचारलाच उमटली. बकारामने माझ्याकडे पाहिलं, दारात जाऊन आभाळाकडे पाहिलं, आणि चाकाला हात लावला नाही. “लंडनवाली, तुले झोप नाही लागली का व?” एवढंच म्हणाला आणि उजाडेपर्यंत बिडी ओढत बसला. निरोप मिळताच हेमेंद्र सकाळच्या गाडीने तिरोड्याला उतरला, सायकलीने पंपघरात आला, माझ्यातली ती तासभराची उडी बंद केली, आणि ओसरीवर सगळ्यांना गोळा करून काय झालं ते सांगितलं. चूक सकाळी झाली आणि दुपारच्या आत सगळ्या गावाला कळली. आज मला त्या दिवसाचा हेवा वाटतो.

त्यानंतरची चौदा वर्षं माझी चांगली गेली. पाळीवरून कोणी आवाज चढवला की दुसरा म्हणे, “कायले भांडता? पेटीले विचारा.” मी आकडा दाखवला की भांडण संपे. बकारामची बायको वच्छलाबाई दर दिवाळीला ओल्या फडक्याने माझी काच पुसून मला हळदीकुंकू लावत. लोक म्हणत, पेटीला ना भाऊबंद, ना बांधी, ती कायले खोटं बोलंन? धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. ते ऐकून मला फार बरं वाटे. त्या वाक्याचा पुढे काय उपयोग होणार आहे हे मला कुठून कळणार?

मधल्या काळात हेमेंद्र दुकान बंद करून रायपूरला गेला. माझ्यात लंडन का टाकलं आहे हे त्याने कुठे लिहून ठेवलं नव्हतं. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट लिहायची कशाला, असं त्याला वाटलं असणार. गावाला ते माहीत होतं खरं, पण गमतीची गोष्ट म्हणून. गमतीखाली काम काय दडलं आहे ते हळूहळू सगळे विसरले. मीही विसरले, मित्रांनो. मला मुळात ते कधी कळलंच नव्हतं.

२०१४ साली टेलच्या पट्ट्याने मागणी केली की पाण्याचा हिशोब मोबाईलवर मिळावा. टेलवाल्यांच्या मनात नेहमीच असे की वरचे आपलं पाणी खातात. त्यांचे पुढारी डोमनलाल, मोठे जमीनदार, बोलायला फटकळ पण वाटणीत कधी लबाडी न केलेले. नवा प्रोग्राम भरायला नागपूरहून गजेंद्र आला. तो तिथे अशीच कामं करी. हे काम मात्र त्याने फुकट केलं, कारण हे त्याच्या मामाचं गाव होतं. बकाराम त्याचा सख्खा मामा.

आमच्या भागात भाच्याला मोठा मान आहे. वयाने कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो. भाच्याने मामाच्या पाया पडायचं नसतं, त्याने मामाला पाप लागतं असं मानतात. गजेंद्र पंपघरात शिरला तेव्हा बकारामने खांद्यावरचा दुपट्टा काढला, वाकून त्याच्या पायांना हात लावला आणि मग म्हणाला, “आले काय भाचेबुवा.”

गजेंद्रने माझी काच पाहिली आणि तो मोठ्याने हसला.

“मामा, हे लंडन कोनं टाकलं? चौदा वर्षांपासून आपला पंप इंग्लंडात चालून राहिला काय?”

“चालू दे ना बाबू. चांगला चालते.”

“चांगला चालते म्हनून काय चुकीची वेळ ठेवाची?”

बकारामने बाजूला सरून त्याला जागा करून दिली. भाच्यापुढे तो तसाही फारसा बोलत नसे. गजेंद्रने लंडन काढून भारत टाकला आणि काचेवर पहिल्यांदा गावाची वेळ आली. टाळ्या झाल्या त्या तेव्हा. डोमनलाल म्हणाले, “चला, पोरगी परदेशातून माहेरी आली!” सगळे हसले. मलाही आनंदच झाला. बकारामने आकडे वाचून पाहिले आणि म्हणाला, “सोपं झालं बाप्पा. आता साडेपाच म्हंजे साडेपाच.”

दुसऱ्या दिवसापासून त्याने बरोबर साडेपाचला चाक फिरवलं, जसं आयुष्यभर फिरवलं होतं. माझी तारीख मात्र आता रात्री बारालाच बदलू लागली. गाव झोपलेलं असताना माझा दिवा मधल्या पट्ट्यावरून टेलवर जाई. वॉल अजून मधलाच उघडा असे, कारण रीतीप्रमाणे ती रात्र मधल्याचीच होती. मी लिहून घेई: पाळी टेलची, पाणी मधल्याला. उजाडेपर्यंत लिहून घेई. मला आतून काहीच वेगळं जाणवलं नाही. घड्याळ बरोबर होतं, तारीख बरोबर होती, उघडा वॉल बरोबर ओळखलेला होता. तीन खऱ्या गोष्टी मी एकत्र बांधल्या आणि त्यांची एक खोटी गोष्ट झाली.

पंधरा दिवसांनी, २६ मार्चला सकाळी, माझा पहिला निरोप डोमनलालांच्या मोबाईलवर गेला. निरोप अजून कोणाला जात नव्हता, कारण मागणी टेलचीच होती. तो असा होता: ‘टेल पट्टा: या पंधरवड्यात आपल्या पाळीतील साडेसत्तावीस तास पाणी मधल्या पट्ट्यास गेले.’ ते तास कोणत्या वेळचे, याचा त्यात एक शब्दही नव्हता. आणि बकारामची स्वतःची दोन एकर बांधी मधल्या पट्ट्यात होती.

त्याच दुपारी पंपघराच्या ओसरीवर बैठक बसली. उघड्या दारातून मला सगळं दिसत होतं.

“बकारामभाऊ, हे काय होय?” डोमनलालांनी मोबाईल पुढे केला.

“काय होय जी?”

“टेलचं पानी. साडेसत्तावीस तास. कोनाच्या बांधीत गेलं?”

“मी तं उजाडलं का तुमचं चाक फिरवतो, पाटील.”

“तुम्ही म्हनता फिरवतो. पेटी म्हनते नाही फिरवत.”

“रात्री-बेरात्री चाकाले हात कोनाचा लागते, आपन का पाह्याले जातो?” मागून कोणी तरी म्हणालं.

“पेटीले कायले नाव ठेवता?” दुसरा म्हणाला. “तिले ना भाऊबंद, ना बांधी. ती कायले खोटं बोलंन?”

मधल्या पट्ट्याची माणसंही खाली मान घालून बसली होती. बकारामच्या बाजूने बोलावं तर आपल्याच बांधीत चोरीचं पाणी आलं असं होईल, ही भीती त्यांना होती. कोणी तरी नागपूरला गजेंद्रला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“प्रोग्राम बराबर आहे ना, गजेंद्र?”

“बराबर आहे. मी स्वतः तपासून टाकला.” मग तो हळूच म्हणाला, “मामाचंही आता वय झालं ना जी.”

त्याने घड्याळ तपासलं होतं. ते बरोबरच होतं. त्या घड्याळावर इतकी वर्षं काय टेकून उभं आहे, ते त्याने तपासलं नव्हतं.

बकाराम उठून आत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, पहिल्या वर्षीसारखा आता हा दारात जाईल, आभाळाकडे पाहील आणि मला खोटी ठरवेल. त्याने तसं केलं असतं तर मी आज सुखात असते. पण तो तेव्हा पन्नाशीचा होता आणि आता पासष्टीचा. त्या हिवाळ्यात तो एकदा बैल सोडून दोर हातातच घेऊन घरी आला होता, एकदा नातवाला मुलाच्या नावाने हाक मारून बसला होता. त्यावर घरात हसणं झालं होतं, इतकंच. ते सगळं आता त्याच्या चेहऱ्यावर येताना मी पाहिलं. पहिल्या वर्षी बकारामपाशी माझी ओळख नवी होती आणि आभाळाची जुनी. आता माझीही चौदा वर्षांची झाली होती. मी त्या चौदा वर्षांत एकदाही खोटं बोलले नव्हते, आणि तेच त्याच्याविरुद्ध गेलं.

तो बाहेर गेला. “पेटी खोटं नाही बोलत,” तो म्हणाला. “माझंच डोस्कं काम करून नाही राहिलं असंन.”

वॉलचं चाक ज्या लोखंडी दांड्याने फिरवतात तो त्याने डोमनलालांसमोर ठेवला. डोमनलाल भांडणाच्या तयारीने आले होते. समोरचा माणूस असा आपणहून कबूल होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. “अरे, तसं नाही भाऊ...” एवढं म्हणाले. पण दांडा उचलला. मी काचेवर वेळ दाखवत राहिले. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. अगदी बरोबर वेळ.

दुसऱ्या दिवसापासून डोमनलालांचा मुलगा लोकेंद्र चाक फिरवू लागला. तो मोबाईलवर गजर लावून यायचा आणि साडेपाचच्या आधीच दांडा हातात धरून उभा असायचा. आता पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही, असं टेलवाल्यांनी मानलं.

१० एप्रिलला माझा दुसरा निरोप गेला. टेल पट्टा: आपल्या पाळीतील साडेसत्तावीस तास पाणी मधल्या पट्ट्यास गेले.

या वेळी मोबाईल घेऊन डोमनलाल आले नाहीत. त्यांची बायको रामकलीबाई आल्या, पदर खोचलेला, आणि मागून बापलेक दोघं.

“मंग आता आपला लोकेंद्र चोर काय? सांगा ना!” त्या पंपघरातच सुरू झाल्या. “आपल्याच बापाचं पानी चोरून बकारामभाऊच्या बांधीत टाकते काय हा?”

“माय, मी एक मिनिट नाही घालवलं,” लोकेंद्र म्हणाला. “गजर वाजला का तुनंच तं उठवलं रोज.”

“मी तुले नाही विचारून राहिली. ह्यायले विचारून राहिली. त्या दिवशी त्या मानसाले विचारताना तोंड कसं मोठं होतं! आता काऊन आवाज नाही निघत?”

डोमनलाल माझ्याकडे बघत उभे राहिले. चौदा वर्षांत माझ्याकडे कोणी असं पाहिलं नव्हतं. मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि नागपूरला फोन लावला.

गजेंद्र दुसऱ्या दिवशीच्या बसने आला. त्याने आधी साडेसत्तावीसला पाचाने भागलं, कारण पंधरवड्यात टेलच्या पाळ्या पाचच येतात. उत्तर साडेपाच आलं. तो आकडा त्याने तोंडाने दोनदा उच्चारला. मग त्याने रायपूरला हेमेंद्रला फोन लावला.

“काका, तुम्ही पेटीत लंडन...”

“का? काढलं काय तुनं?” हेमेंद्रचा आवाज पंपघरभर घुमला. “अरे, ते चुकीनं नव्हतं टाकलं. लंडनले बारा वाजते तवा आपल्याकडे उजाडते. पानी उजाडल्यावर बदलते ना बाबू!”

“कुठं लिहून काऊन नाही ठेवलं जी?”

“लिहाले पायजे होतं,” हेमेंद्र म्हणाला. “पन तुनं काढाच्या पहिले एक फोन कराले पायजे होता.”

गजेंद्रने मला पुन्हा उघडलं. या वेळी त्याने घाई केली नाही. काचेवर गावाची वेळ राहू दिली, पण पाण्याचा दिवस कधी बदलतो ही गोष्ट त्याने माझ्यात वेगळी लिहिली, साध्या मराठीत, कोणालाही वाचता येईल अशी. चौदा वर्षांच्या जुन्या नोंदींना त्याने हात लावला नाही. त्या लंडनच्या वेळेत ठेवलेल्या आहेत, एवढी खूण फक्त त्यांच्यावर केली. बदललेलं आधी एक दिवस चालवून पाहिलं. मग ओसरीवर लोक बोलावले आणि उभं राहून सगळं सांगितलं. स्वतःचं नाव घेऊन सांगितलं. फोनवर मामाच्या वयाबद्दल बोललेलं वाक्यही त्याने पुन्हा म्हणून दाखवलं.

“चला,” डोमनलाल उठले. “इथं बसून काय होते? त्याच्या घरी चला.” दांडा त्यांनी स्वतः उचलला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. वच्छलाबाई दुसऱ्या दिवशी पंपघरात येऊन लोकेंद्रशी बोलल्या, ते ऐकलेलं सांगते.

सगळे अंगणात आले तेव्हा बकाराम खाटेवर बसला होता. गजेंद्र सरळ गेला आणि मामाच्या पायांवर वाकला. बकारामने पाय एकदम वर ओढून घेतले. “अरे बाबू, नोको! भाच्यानं मामाचे पाय नाही धराचे, पाप लागते.” असं म्हणत तो खाटेवरून उतरला आणि त्यानेच गजेंद्रच्या पायांना हात लावला. गजेंद्रला जी एक गोष्ट करायची होती ती त्याला करताच आली नाही. मग त्याने लंडन, बारा, साडेपाच, सगळं समजावून सांगितलं. बकाराम मान हलवत ऐकत होता. “हो बाबू. हो, हो.” डोमनलालांनी दांडा त्याच्या हाती देऊ केला. त्याने तो घेऊन भिंतीला टेकवून ठेवला, आणि सगळे निघताना आठवणीने परत दिला.

लोक गेल्यावर तो वच्छलाबाईंना म्हणाला, “पोरगा लय चांगला आहे. माझं मन राखाले नागपूरवरून आला. डोमनलाल पाटलायलेही संग आनलं.”

“मन राखाले नाही जी, खरंच होय ते!” त्या म्हणाल्या.

“हो, हो,” तो त्यांनाही म्हणाला.

मित्रांनो, पेटी बिघडली की दुरुस्त करता येते. मी दुरुस्त झाले आहे. पण त्या पंधरा दिवसांत त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास मी काढून घेतला, आणि तो परत कसा भरायचा हे माझ्या बोर्डात नाही. कडी लावली का हे तो आता दोनदा पाहतो. जेवलो का हे विचारतो. वच्छलाबाई म्हणतात, त्याला सगळं आठवतं, फक्त आठवलेलं खरं आहे असं वाटत नाही.

तुमच्यापैकी काही जण मोठे होऊन माझ्यासारख्या पेट्यांत हात घालतील. नवं जरूर भरा. जुनं कायम ठेवा असं सांगायला मी आलेले नाही. लंडन कधी तरी निघायचंच होतं. पण एखादी गोष्ट चुकीची दिसली आणि तरी ती वर्षानुवर्षं चांगली चालत असली, तर ती पुसण्याआधी आजूबाजूच्या माणसांना विचारा की हिच्या आधाराने काय चाललं आहे. नवा हिशोब जुन्याशी जुळतो का ते काही दिवस दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आणि तुमच्या पेटीचा आकडा एखाद्या माणसाला खोटं ठरवत असेल, तर माणसाआधी पेटी उघडा. जिचं कोणाशी भाऊबंदकीचं नातं नसतं, तिचंही चुकतं. माझं चुकलं.

धान कापून झालं आहे. यंदा टेलला पाणी पुरलं आणि मधल्यालाही पुरलं, कारण सगळं पाणी पहिल्यापासून जायचं तिथेच जात होतं. पुढच्या हंगामाचा पानकर ठरलेला नाही. संस्थेने बकारामचंच नाव घातलं आहे. त्याने नाही म्हटलेलं नाही. एकदा पहाटे येऊन दिवा बदलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, असं गजेंद्र फोनवर दर आठवड्याला सांगतो. त्यावर बकाराम “येईन” म्हणतो.

आज १८ मे. सकाळी साडेपाचला दिवा बदलला. वॉल साफ करायचे होते म्हणून लोकेंद्रने थोडा वेळ पाणी सोडलं. आठच्या सुमारास वच्छलाबाई आल्या. त्यांनी सांगितलं की आज बकाराम अंधारातच उठला, दुपट्टा खांद्यावर टाकला, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेला. तिथून त्याने विचारलं, “आज कोनाची पारी होय?”

त्या म्हणाल्या, “मधल्याची.”

“मलेही तसंच वाटलं होतं,” तो म्हणाला. फाटकाला हात लावून थोडा वेळ उभा राहिला, आणि चपला काढून परत आत गेला.